मालक आधी आपापसात भांडतात, मग खेळाडूंशी

विचारलेला प्रश्न एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या २०११च्या टाळेबंदीवरून आला आहे. तेव्हा नवा करार होईपर्यंत मालकांनी खेळाडूंना कामाबाहेर ठेवलं होतं. एनएफएलचे बत्तीस संघमालक एरवी एकमेकांचे प्रशिक्षक पळवतात, एकमेकांची शहरं पळवतात. मग खेळाडूंशी करार करायची वेळ आली की ते एका सुरात कसे बोलतात? वाद ताणायचा की मिटवायचा हे खरं कोण ठरवतं, कमिशनर म्हणजे लीगचा प्रमुख अधिकारी, की मालक? आणि मालकांपैकी नेमके कोण?

मी अमेरिकेत कामगार संघटनांच्या बाजूने वाटाघाटी करणारी वकील आहे. माझा कल खेळाडूंकडे आहे, हे आधीच सांगते. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.

थोडक्यात उत्तर असं की ठरवतात मालकच. कमिशनर त्यांचा नोकर असतो. मात्र मालक खेळाडूंसमोर बसतात त्याच्या बरंच आधी त्यांचं आपापसात एक भांडण होऊन गेलेलं असतं, आणि खेळाडूंशी होणारा वाद बहुतेक वेळा त्या पहिल्या भांडणाचा उरलेला हिशोब असतो. हे धरून पाहिलं नाही तर १९८७चा संप, २०११ची टाळेबंदी आणि हंगाम अठरा सामन्यांचा करायची आज चाललेली चर्चा या तीन वेगवेगळ्या गोष्टी वाटतात.

आधी यंत्रणा. लीगच्या वतीने करार करतं ते मॅनेजमेंट कौन्सिल, आणि त्याची सूत्रं काही निवडक मालकांच्या कार्यकारी समितीकडे असतात. ही समिती मसुदा आणते, पण तो मंजूर व्हायला बत्तीसपैकी चोवीस मतं लागतात. म्हणजे नऊ मालक अडून बसले तर करार होत नाही. कमिशनरला म्हणूनच दोन टेबलांवर वाटाघाटी कराव्या लागतात, आणि माझ्या मते त्याचा जास्त वेळ मालकांच्या टेबलावर जातो.

या मालकांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे टीव्हीचा पैसा. १९६१ साली पीट रोझेल कमिशनर असताना अमेरिकी काँग्रेसने कायदा करून लीगला सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकायची मुभा दिली. न्यूयॉर्क जायंट्सचे मारा कुटुंब एकट्याने हक्क विकून कितीतरी जास्त कमावू शकलं असतं, तरी त्यांनी समान वाटपाला होकार दिला. तेव्हापासून हा पैसा सारखा वाटला जातो. ग्रीन बे पॅकर्स हा एकमेव संघ सामान्य भागधारकांच्या मालकीचा असल्यामुळे दरवर्षी आपले हिशोब जाहीर करतो. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात लीगकडून त्यांना ४० कोटी डॉलरहून जास्त वाटा मिळाला. बाकीच्या एकतीस संघांनाही तेवढाच मिळाला. तिकिटाची एक पावती फाडायच्या आधी एवढी रक्कम घरात येत असेल, तर मालकाला घाई कसली?

फाटाफूट होते ती स्थानिक उत्पन्नावरून. स्टेडियममधल्या महागड्या खासगी खोल्या (स्वीट), पार्किंग, स्टेडियमच्या नावाचे हक्क, स्थानिक प्रायोजक यातलं बरंचसं उत्पन्न त्या त्या संघाकडे राहतं. जेरी जोन्स यांनी १९८९ साली डॅलस काउबॉइज विकत घेतला आणि स्थानिक कमाईचा धडाका लावला. रॉबर्ट क्राफ्ट यांनी न्यू इंग्लंडमध्ये स्वतःच्या स्टेडियमभोवती तेच केलं. बफेलो किंवा सिनसिनाटीच्या मालकाला असं गिऱ्हाईकच नाही. आता यात सॅलरी कॅप आणा. ही पगाराची कमाल मर्यादा आणि तिच्यासोबतची किमान खर्चाची अट लीगच्या एकूण उत्पन्नावरून ठरते आणि सर्वांना सारखी लागू होते. डॅलसने नवे स्वीट विकले की एकूण उत्पन्न वाढतं, त्याबरोबर कॅप वाढते आणि सिनसिनाटीचं पगाराचं बिल चढतं, तेही सिनसिनाटीच्या गल्ल्यात एक डॉलर जास्त न येता. सोसायटीतल्या एका फ्लॅटला भरभक्कम भाडं मिळायला लागलं म्हणून सगळ्यांचाच मेंटेनन्स वाढवावा, तसला हा प्रकार. छोट्या शहरातला मालक म्हणतो, डॅलसने आपल्या कमाईतून आम्हाला काही द्यावं. डॅलस म्हणतं, मी कर्ज काढून स्टेडियम उभं केलं, ते तुम्हाला का द्यायचं?

हे भांडण सोडवायचे मार्ग दोनच. एक तर श्रीमंत मालकांनी गरीब मालकांना द्यायचं, नाहीतर दोघांनी मिळून खेळाडूंचा वाटा कमी करायचा. दुसरा मार्ग मालकांना नेहमीच सोपा वाटतो, कारण त्यात खोलीतल्या कुणाचंच नुकसान होत नाही.

२००६ साली पहिला मार्ग निवडला गेला, तोही शेवटच्या क्षणी. पॉल टॅगलियाब्यू यांची कमिशनर म्हणून ती अखेरची मोठी कामगिरी होती. समोर खेळाडू संघटनेचे जीन अपशॉ होते, एकेकाळचे ओकलँड रेडर्सचे खेळाडू आणि १९८३पासून संघटनेचे प्रमुख. ८ मार्च २००६ला मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी करार स्वीकारला. विरोधातली दोन मतं बफेलोचे राल्फ विल्सन आणि सिनसिनाटीचे माइक ब्राउन यांची. विल्सन यांनी बाहेर येऊन आपल्याला हा करार नीट कळलाच नाही असं सांगितलं, आणि तेव्हा बऱ्याच लोकांनी त्यांना म्हातारपणाचा टोमणा मारला. मला त्या टोमण्याचा रागच येतो. विल्सन यांना नेमकं कळलं होतं. जास्त उत्पन्नाचे संघ कमी उत्पन्नाच्या संघांना थोडं देणार होते, पण खेळाडूंचा वाटा वाढल्यावर छोट्या संघांकडे फारसं काही उरणार नव्हतं. दोन वर्षांत बाकीच्यांनीही तेच गणित मांडलं. मे २००८मध्ये अटलांटात सर्व मालकांनी एकमताने करारातून लवकर बाहेर पडायचा निर्णय घेतला. ज्यांनी तीस मतं दिली होती, त्यांनीच.

लोक टाळेबंदीची तारीख मार्च २०११ सांगतात. माझ्या हिशोबी ती मे २००८मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास लीगने बॉब बॅटरमन या वकिलाला घेतलं. २००४-०५ साली एनएचएल या आइस हॉकी लीगने टाळेबंदी करून अख्खा हंगाम घालवला आणि खेळाडूंवर सॅलरी कॅप लादली, तेव्हा हे त्या मालकांचे वकील होते. अशी नेमणूक झाली की संघटनेने दुसऱ्या दिवसापासून पैसे बाजूला टाकायला सुरुवात करावी. पण ऑगस्ट २००८मध्ये अपशॉ यांचं अचानक निधन झालं, आणि डीमॉरिस स्मिथ निवडून येईपर्यंत मार्च २००९ उजाडला. मधल्या महिन्यांत मालक स्वस्थ बसले नव्हते.

सगळ्यात महत्त्वाची चाल टीव्हीची होती. लीगने प्रक्षेपण कंपन्यांशी असलेले करार वाढवून घेतले आणि त्यात अशी तजवीज केली की २०११ साली सामने झाले नाहीत तरी पैसे येत राहतील. त्यातला काही भाग पुढे वळता करून द्यायचा होता, म्हणजे एक प्रकारचं कर्जच. डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीच्या बाबतीत तर सामने झाल्यापेक्षा न झाल्यास लीगला जास्त पैसे मिळतील अशी रचना न्यायालयापुढे आली. एकूण रक्कम चार अब्ज डॉलरहून जास्त होती. मिनेसोटाचे न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी १ मार्च २०११ला निकाल दिला की हे हक्क विकताना लीगने खेळाडूंचं हित पाहायचं होतं; त्याऐवजी टाळेबंदीसाठी शिदोरी जमवली, आणि हा कराराचा भंग आहे. खेळाडूंच्या बाजूने त्या वर्षातला हा सर्वांत मोठा निकाल होता. मालकांनी किती थंड डोक्याने तयारी केली होती, त्याचा कागदोपत्री पुरावाही याच निकालात आहे.

दुसरी चाल फार कमी लोकांच्या लक्षात आली. मालक म्हणत होते की खर्च वाढले आहेत, स्टेडियमची कर्जं आहेत, त्यामुळे सुमारे नऊ अब्ज डॉलरच्या उत्पन्नातून वाटप करण्याआधी जो अब्जभर डॉलर बाजूला काढला जातो, त्यात आणखी अब्जभराची भर हवी. स्मिथ यांनी विचारलं, दहा वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशोब दाखवा. मालकांनी नकार दिला. असा नकार त्यांना देता आला, कारण 'आम्हाला परवडत नाही' हे शब्द त्यांनी जाणूनबुजून तोंडातून काढले नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५६च्या ट्रुइट खटल्यापासून नियम असा की वाटाघाटीत मालकाने पैसे नसल्याचं कारण पुढे केलं तर त्याला ते सिद्ध करणारी माहिती द्यावी लागते. म्हणून हुशार मालक परवडत नाही असं म्हणतच नाही, व्यवसायाचं स्वरूप बदललं आहे असं म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण प्रतिनिधींना मी हे पहिल्या दिवशी सांगते: समोरचा काय बोलतो त्याइतकंच तो कोणता शब्द टाळतो ते लिहून ठेवा.

आता माणसं. बत्तीस मालक म्हटलं तरी अशा वादात खरे वजनदार सहा-आठच असतात. २०११ साली समितीच्या प्रमुखपदी कॅरोलायना पँथर्सचे जेरी रिचर्डसन आणि डेन्व्हर ब्रॉन्कोजचे पॅट बोलेन होते. रिचर्डसन स्वतः बाल्टिमोर कोल्ट्सचे खेळाडू होते, १९५९च्या अंतिम सामन्यात त्यांनी टचडाउन केला होता, आणि त्या विजयाच्या बक्षिसाच्या पैशातून हार्डीज या बर्गरच्या साखळीची शाखा सुरू करून ते मोठे झाले. खेळाडूंबद्दल त्यांना जवळीक असेल असं वाटावं, पण सर्वांत कठोर आवाज त्यांचाच होता. २०१०च्या मालकांच्या बैठकीत 'आपली लीग परत घेऊ' अशा अर्थाचं आवाहन त्यांनी केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. मला यात आश्चर्य वाटत नाही. स्वतःच्या कष्टाने वर आलेल्या मालकाला नेहमी वाटतं की मला कुणी काही दिलं नाही, मग यांना का? त्याच बाजूला ग्रीन बेचे अध्यक्ष मार्क मर्फी बसत. १९८२च्या संपात हेच मर्फी वॉशिंग्टनचे खेळाडू म्हणून संघटनेच्या वाटाघाटी समितीवर होते. बाजू बदलली की माणसाला टेबलाच्या दोन्ही अंगांची भाषा येते, आणि अशा माणसाची समोरच्याला जास्त धास्ती असते.

दुसऱ्या टोकाला क्राफ्ट आणि जायंट्सचे जॉन मारा. हे मवाळ होते असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण हंगाम बुडाला तर टीव्ही कंपन्यांशी पुढचे करार करताना आपली पत जाईल, हे त्यांना कळत होतं. क्राफ्ट यांना टीव्हीचा धंदा आतून माहीत होता. शेवटच्या आठवड्यांत वकिलांना बाहेर ठेवून मालक आणि खेळाडू थेट बोलायला लागले तेव्हा गाडं पुढे सरकलं. त्याच काळात क्राफ्ट यांच्या पत्नी मायरा कर्करोगाने अखेरच्या अवस्थेत होत्या, आणि तरी ते बैठकांना येत राहिले. मायरा यांचं निधन २० जुलैला झालं. २५ जुलैला करार जाहीर करताना कोल्ट्सचे खेळाडू जेफ सॅटर्डे यांनी सगळ्यांसमोर क्राफ्ट यांना मिठी मारली आणि त्यांच्याशिवाय हा करार झाला नसता असं सांगितलं. मी खेळाडूंच्या बाजूची असले तरी ते दृश्य मला खोटं वाटत नाही. एका माणसावरचा विश्वास कधीकधी करार तारतो. कराराच्या आकड्यांवर मात्र मिठीचा परिणाम होत नाही.

न्यायालयाचा भाग थोडक्यात सांगते. ११ मार्चला संघटनेने स्वतःचं संघटना म्हणून असलेलं स्थान सोडलं, म्हणजे खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावता यावा. टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्रू ब्रीज यांच्या नावाने खटला दाखल झाला. एप्रिलमध्ये न्यायाधीश सुसान नेल्सन यांनी टाळेबंदी उठवायचा आदेश दिला. आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली आणि ८ जुलैला दोन विरुद्ध एक मताने तो रद्द केला. कामगारांच्या संपात न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये म्हणून १९३२ साली झालेला नॉरिस-लागार्डिया कायदा इथे मालकांच्या टाळेबंदीला ढाल म्हणून वापरला गेला. कामगारांसाठी झालेला कायदा असा उलटा वापरलेला पाहून आजही मला चीड येते.

निकाल काय लागला? २१ जुलैला मालकांनी ३१ विरुद्ध शून्य मतांनी मसुदा मंजूर केला, रेडर्स तटस्थ राहिले. चार दिवसांनी खेळाडूंनी होकार दिला. हंगामपूर्व एकच सामना बुडाला. करार दहा वर्षांचा, मधेच बाहेर पडायची सोय कुणालाच नाही. खेळाडूंना टीव्हीच्या उत्पन्नातला ५५ टक्के, लीगच्या इतर व्यवसायातला ४५ आणि स्थानिक उत्पन्नातला ४० टक्के, एकूण ४७ ते ४८ टक्क्यांच्या आसपास. त्याआधी सगळं उत्पन्न धरून हा वाटा निम्म्याच्या आसपास होता. दोन-तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण नऊ अब्जांचा एक टक्का म्हणजे वर्षाला नऊ कोटी डॉलर, आणि उत्पन्न दरवर्षी वाढतं. स्थानिक उत्पन्नाला सर्वांत कमी टक्केवारी कुणामुळे लागली ते वर सांगितलेल्या भांडणावरून लक्षात येईल. डॅलसची तक्रार आणि सिनसिनाटीची तक्रार, दोन्ही एकाच आकड्यात मिटवल्या गेल्या, आणि बिल खेळाडूंच्या नावे फाडलं गेलं. नवोदितांचे पगार तर कोसळले. २०१०च्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या क्रमांकावर निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड याला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११च्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख. ज्यांचे पगार कापले ते तेव्हा कॉलेजात होते, त्यांना मतच नव्हतं.

खेळाडूंना काहीच मिळालं नाही असं नाही. अठरा सामन्यांची मागणी मागे गेली, सरावाचा भार कमी झाला, दिवसातून दोनदा अंग मोडून घेणारे सराव बंद झाले. शरीरावर पोट असलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

मालक इतके तयारीचे कसे झाले हे कळायला १९८७ पाहावं लागतं. १९७४चा संप उन्हाळ्यातच विरला. १९८२चा ५७ दिवस चालला आणि सोळा सामन्यांचा हंगाम नऊवर आला, त्यात मालकांनाही झळ लागली. त्यातून त्यांनी धडा घेतला की मैदान रिकामं ठेवायचं नाही. १९८७च्या सराव शिबिरांतून काढून टाकलेल्या खेळाडूंना थोडे पैसे देऊन, संप झाला तर आमच्याकडे या, असं आधीच बांधून ठेवण्यात आलं. २२ सप्टेंबरला संप सुरू झाला, एक आठवडा सामने रद्द झाले, आणि पुढच्याच आठवड्यापासून बदली खेळाडू मैदानात उतरले. प्रेक्षक फार आले नाहीत. ४ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात अवघे ४,०७४ जण आले, कारण ते कट्टर कामगारांचं शहर आहे. पण टीव्हीने सामने दाखवले. संपावरच्या खेळाडूचे दर सामन्याला सरासरी १५ हजार डॉलर बुडत होते, मालकाचे मात्र पगार वाचत होते. डॅलसचे अध्यक्ष टेक्स श्राम तेव्हा मालकांच्या बाजूचा कडवा आवाज होते. त्यांच्या संघातले रँडी व्हाइट आणि टोनी डॉर्सेट संप मोडून परतले; सॅन फ्रान्सिस्कोचा जो मोन्टाना आणि सिएटलचा स्टीव्ह लार्जंटसुद्धा. वॉशिंग्टनचा मात्र एकही नियमित खेळाडू फुटला नाही, आणि तोच संघ त्या हंगामाचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. संप २४ दिवसांत कोसळला.

इथे मालकांनी जे ओळखलं ते त्यांच्या आजवरच्या डावपेचांचं मूळ आहे. खेळाडूची कारकीर्द संघटनेच्या आकड्यानुसार सरासरी तीन-साडेतीन वर्षांची. एक हंगाम गेला तर त्याच्या आयुष्यभराच्या कमाईचा चौथा-तिसरा हिस्सा गेला, तो कधीच परत मिळत नाही. मालकाचा संघ नातवंडांकडे जातो. लढा दोन घड्याळांवर चालतो, आणि मालक नेहमी खेळाडूचं घड्याळ बघून तारीख ठरवतो. संघटनेने १९८७नंतर संप सोडून न्यायालय धरलं ते याच कारणाने, आणि १९९२च्या मॅकनील खटल्यातला विजय आणि १९९३चा फ्री एजन्सीचा, म्हणजे करार संपल्यावर खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जाऊ देणारा, करार त्याच रस्त्याने आले. त्याच कराराने सॅलरी कॅपही आणली, १९९४ साली पहिल्यांदा, ३ कोटी ४६ लाख डॉलरची. २०११ साली स्मिथ यांनी विमा काढून ठेवला होता, अख्खा हंगाम बुडाला तर प्रत्येक खेळाडूला सुमारे दोन लाख डॉलर मिळाले असते अशी बातमी नंतर आली. माझ्या मते मालकांना जुलैमध्ये मऊ करण्यात या गोष्टीचा हात लोक समजतात त्याहून मोठा होता.

मालकांना एकजुटीत ठेवायला शिस्त लागते, आणि ती आपल्याच माणसांवर चालवली जाते. २०१० साली कराराच्या शेवटच्या वर्षात सॅलरी कॅप नव्हती. तरी लीगचा तोंडी इशारा होता की संधी साधू नका. डॅलस आणि वॉशिंग्टनने काही करारांचे पैसे त्याच वर्षात कोंबले. ते करार लीगने तेव्हा मंजूरही केले होते. मार्च २०१२मध्ये डॅलसच्या कॅपमधून १ कोटी आणि वॉशिंग्टनच्या कॅपमधून ३ कोटी ६० लाख डॉलर कापले गेले. मालकांनी ते २९ विरुद्ध २ मतांनी उचलून धरलं. ज्या वर्षी कॅपच नाही त्या वर्षी कॅप मोडल्याची शिक्षा! याला माझ्या भाषेत संगनमत म्हणतात. पण संघटनेने आधीच या कपातीला संमती दिली होती, त्यामुळे नंतर केलेला दावा टिकला नाही. इथे मी संघटनेलाही माफ करत नाही.

२०२२मध्ये हाच खेळ पुन्हा दिसला. क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, सगळे हमीचे, देऊ केले. बाकीचे मालक अस्वस्थ झाले. बाल्टिमोरचे स्टीव्ह बिशोटी यांनी तर उघडपणे नाराजी दाखवली, कारण त्यांचा लमार जॅक्सन पुढे तेच मागणार होता. त्या मार्चमधल्या मालकांच्या बैठकीबद्दल लवाद क्रिस्टोफर ड्रोनी यांनी जानेवारी २०२५मध्ये निकाल दिला. हमीचे पैसे कमी करायला लीगच्या यंत्रणेने मालकांना उत्तेजन दिलं हे त्यांनी मान्य केलं, पण मालकांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचं सिद्ध झालं नाही असं ठरवलं. हा निकाल खेळाडूंनाही महिनोन्‌महिने दाखवला गेला नाही. जून २०२५मध्ये एका पत्रकाराने तो बाहेर काढला. त्यानंतर काही आठवड्यांतच संघटनेचे प्रमुख लॉइड हॉवेल यांना इतरही आरोपांच्या गदारोळात राजीनामा द्यावा लागला. मालकांची ताकद कधीकधी समोरच्याच्या दुबळेपणातून येते, हे मी फार जड मनाने लिहिते आहे.

मालकांच्या ताकदीला मर्यादा कुठे पडते, हे २०१२च्या पंचांच्या टाळेबंदीत दिसलं. खेळाडू नसले तर लोक थोडे दिवस बदली खेळाडू सहन करतात. बदली पंचांनी २४ सप्टेंबरला सिएटल आणि ग्रीन बे यांच्यातल्या सामन्यात शेवटच्या क्षणी चुकीचा निर्णय दिला आणि दोन दिवसांत तडजोड झाली. तरी पेन्शनची जुनी पद्धत काही वर्षांनी बंद करायची मालकांची मूळ मागणी त्या करारात शिरलीच.

२०२०चा करार मला सर्वांत कसबी वाटतो, कारण त्यात टाळेबंदी करावी लागलीच नाही. मालकांना सतरावा सामना हवा होता. मोठे खेळाडू विरोधात होते. मालकांनी किमान पगार वाढवले, नवोदिताचा ५ लाख १० हजारांवरून ६ लाख १० हजार डॉलरवर नेला. लीगमधले निम्म्याहून अधिक खेळाडू या खालच्या पायऱ्यांवर आहेत आणि प्रत्येकाचं मत एकच. संघटनेच्या कार्यकारी समितीने ६ विरुद्ध ५ मतांनी नकार दिला होता, प्रतिनिधींनी १७ विरुद्ध १४ मतांनी तो सगळ्या खेळाडूंच्या मतदानाला पाठवला, आणि १५ मार्च २०२०ला खेळाडूंनी १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी करार स्वीकारला. एकतीस जणांनी मत बदललं असतं तर निकाल फिरला असता. खालच्या खेळाडूला मी दोष देत नाही. तीन वर्षांत ज्याची कारकीर्द संपणार, त्याला एक लाख डॉलर आज हवे असतात.

यानंतर लगेच काय झालं ते पाहा. मार्च २०२१मध्ये लीगने अकरा वर्षांचे, एकूण १०० अब्ज डॉलरहून मोठे टीव्ही करार केले. २०११मध्येही हेच झालं होतं: जुलैमध्ये खेळाडूंशी करार, सप्टेंबरमध्ये ईएसपीएन, डिसेंबरमध्ये सीबीएस, फॉक्स आणि एनबीसी. आधी कामगारांकडून शांतता विकत घ्यायची, मग ती शांतता टीव्हीला चढ्या भावाने विकायची. टीव्हीच्या वाढत्या उत्पन्नाचा टक्का खेळाडूंनाही मिळतो, हे खरं. पण तो टक्का किती, हे ते करारांच्या आधीच कबूल करून बसलेले असतात.

आता अठरा सामन्यांची मागणी पुन्हा आली आहे. सध्याचा करार २०३०च्या हंगामापर्यंत आहे, आणि बहुतेक टीव्ही करारांतून २०२९च्या हंगामानंतर बाहेर पडायचा पर्याय लीगकडे आहे. यावेळी मालकांच्या खोलीत काही नवे लोकही आहेत. वॉशिंग्टन २०२३ साली ६ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला, आणि ऑगस्ट २०२४मध्ये मालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी खासगी गुंतवणूक निधींना प्रत्येक संघात दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायला परवानगी दिली. विरोधातलं एकमेव मत सिनसिनाटीचं, ब्राउन कुटुंबाचं. एवढी किंमत मोजून आलेल्या माणसाला परतावा हवा असतो आणि तो लवकर हवा असतो. म्हणजे यावेळी मालकांचं घड्याळही थोडं जोरात चालेल, आणि जुन्या घराण्यांशी त्यांचं पटेलच असं नाही.

म्हणून तुम्हाला यापुढचा वाद समजून घ्यायचा असेल तर खेळाडूंच्या पत्रकार परिषदा कमी पाहा. मालकांच्या मार्च आणि मे महिन्यातल्या बैठकांनंतर कोण गप्प आहे, कोण स्थानिक उत्पन्नाबद्दल बोलू लागलं आहे, लीगने कोणता नवा वकील घेतला आहे, आणि टीव्ही करार आधी चर्चेला येतात की कामगार करार, ते पाहा. संघटनेला माझा सल्ला एकच आहे: टीव्हीचे नवे आकडे कागदावर येईपर्यंत अठराव्या सामन्यावर सही करू नका, आणि तोवर प्रत्येक पगारातून थोडं बाजूला काढून ठेवायला आजच सुरुवात करा.